वाळू पाणी होते तेव्हा : द्रवीकरण शोधणाऱ्या सर्वेक्षणांचा इतिहास



पीएच.डी.ला प्रवेश घेऊन मला चार वर्षं झाली, तरी सुट्टीत गावी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो: "तू तिकडे नक्की करतेस काय?" माझं गाव लातूर जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण आमच्या भागात वाढलेल्या कुठल्याही मुलाला भूकंप म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भूकंप म्हणजे रात्रीतून कोसळलेल्या दगड-मातीच्या जाड भिंती. आजी अजूनही म्हणते, "जमीन काही करत नाही गं, माणसाला भिंतीच मारतात."

किल्लारीपुरतं आजीचं म्हणणं बरोबर आहे. पण माझं संशोधन गंगेच्या मैदानातलं आहे, आणि तिथे उलटं घडू शकतं. भिंत शाबूत राहते आणि जमीनच दगा देते. घर उभंच्या उभं रुततं, विहीर वाळूने भरते, शेतात पाण्याचे फवारे उडतात. याला आपण मातीचं द्रवीकरण, म्हणजेच लिक्विफॅक्शन म्हणतो.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, गेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत आहेत. द्रवीकरणाची व्याख्या तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. आज मला सांगायचंय ते वेगळं आहे. जमीन न खोदता खालचा धोकादायक थर ओळखायचा, ही कल्पना आली कुठून? ती कोणकोणत्या चुकांमधून घडत गेली? आणि त्यातली एक चूक मी स्वतः कशी केली? शेवटचा भाग लिहायला थोडं जड जातंय, पण तुम्हाला उपयोग त्याचाच जास्त होईल.

आधी गोष्ट समजून घेऊ

धान्य मोजताना पायली भरून जरा हलवली की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते, हे तुम्ही पाहिलं असेल. सैल वाळूचंही तेच होतं. हलवली की ती दाट बसायला बघते. आता अशी कल्पना करा की दाण्यांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली आहे आणि हादरे इतके भराभर येताहेत की पाण्याला बाहेर पडायला वेळच नाही. दाणे खाली बसू पाहतात, पाणी दाबलं जात नाही. मग वरच्या जमिनीचं ओझं दाण्यांच्या अंगावरून सुटून पाण्याच्या अंगावर येतं. दाण्यांचा एकमेकांवरचा दाब संपला की वाळूची ताकदही संपते, आणि वाळू दाट द्रवासारखी वागते.

दाण्यांनी उचललेल्या या दाबाला 'परिणामी दाब' म्हणतात. कार्ल टर्झागी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली आणि तिथून आधुनिक मृदा-यांत्रिकी सुरू झाली असं मानलं जातं. द्रवीकरणासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: सैल माती, चिकटपणा नसलेले दाणे, पाण्याने पूर्ण भरलेली पोकळी आणि पुरेसा जोराचा हादरा. ही यादी लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक पद्धत यातल्या एखाद-दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते. चारही गोष्टी एकटीने सांगणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

१८४९ : समुद्रकिनाऱ्यावरची बारूद

आपल्या गोष्टीची सुरुवात मी आयर्लंडमधल्या डब्लिनजवळच्या किलिनीच्या किनाऱ्यापासून करते. रॉबर्ट मॅलेट हे पेशाने अभियंते. भूकंपशास्त्राला 'सिस्मॉलॉजी' हा शब्द दिला तोही त्यांनीच. १८४९ मध्ये त्यांनी या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत बारूद पुरून तिचा स्फोट केला आणि सुमारे अर्ध्या मैलावर पाऱ्याचं भांडं ठेवून हादरा यायला किती वेळ लागतो ते मोजलं. पाऱ्याच्या पृष्ठभागावर पडलेलं रेषांचं प्रतिबिंब हललं की तरंग पोचला असं समजायचं, एवढंच त्यांचं उपकरण.

वाळूतला वेग आला सेकंदाला ८२५ फूट, म्हणजे साधारण २५० मीटर. ग्रॅनाइटमध्ये तो त्याच्या सुमारे दुप्पट आला. मॅलेट यांची अपेक्षा यापेक्षा बरीच जास्त होती. आज आपल्याला माहीत आहे की पाण्याने भरलेल्या वाळूत सगळ्यात आधी पोचणारा दाबतरंग, म्हणजे पी-तरंग, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. मग त्यांनी मोजलं काय? पाऱ्याचं उपकरण फारसं संवेदनशील नव्हतं. त्यामुळे पहिला बारीक तरंग त्यातून निसटला आणि नंतर आलेला, पृष्ठभागालगत धावणारा मोठा तरंगच बहुधा दिसला.

मला ही गोष्ट फार आवडते. जमिनीत मुद्दाम तरंग सोडून वेग मोजायचा हा पहिल्या काही प्रयोगांतला एक, तोही ओल्या वाळूत, आणि उत्तर 'चुकलेलं'. पण ज्या संथ पृष्ठतरंगांमुळे ते चुकलं असावं, तेच आज आपण द्रवीकरणाच्या अभ्यासात मुद्दाम मोजतो. त्या तरंगांचं गणित लॉर्ड रॅली यांनी मांडलं ते १८८५ मध्ये, म्हणजे मॅलेट यांच्या प्रयोगानंतर ३६ वर्षांनी. मापन आधी आलं, अर्थ नंतर. संशोधनात असं पुष्कळदा होतं.

१८९७ आणि १९३४ : जे दिसलं ते लिहून ठेवणारी माणसं

आता आपल्याकडे येऊ. १२ जून १८९७ ला शिलाँग-आसाम भागात मोठा भूकंप झाला. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल तयार केला. जमिनीला पडलेल्या भेगा, त्यातून उसळलेलं पाणी आणि वाळू, भरून आलेली पात्रं, या सगळ्याच्या नोंदी त्यात आहेत. याच ओल्डहॅम यांनी पुढे भूकंपाच्या नोंदींमधून पी आणि एस हे दोन तरंग वेगवेगळे दाखवले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. वाळूचे फवारे आणि एस-तरंग हे दोन विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते! पण त्यांचा एकमेकांशी संबंध जोडायला आणखी बराच काळ जावा लागला.

१५ जानेवारी १९३४. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला उत्तर बिहार आणि नेपाळ हादरलं. दहा हजारांहून जास्त माणसं गेली. मदतकार्यासाठी समिती उभी राहिली, नुकतेच तुरुंगातून सुटलेले राजेंद्रप्रसाद त्यात पुढे होते. या भूकंपावरून गांधीजी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्यात वादही झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. निसर्गातल्या घटनेला असं नैतिक कारण चिकटवणं ठाकुरांना पटलं नाही, आणि तेही त्यांनी उघडपणे सांगितलं.

हा वाद चालू असताना जिऑलॉजिकल सर्व्हेचे अधिकारी डन, ऑडन, घोष आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत होते. कुठे वाळू वर आली, कुठल्या विहिरी बुजल्या, कुठली घरं कलली, कुठली रुतली, हे ते नकाशावर मांडत होते. सर्व्हेचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सीतामढी, मधुबनीच्या बाजूने पूर्णियाकडे जाणारा, सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा एक पट्टा आखलेला आहे. इंग्रजीत त्याला 'स्लम्प बेल्ट' म्हटलं गेलं, आपण 'खचपट्टा' म्हणू. या पट्ट्यात घरं हादऱ्याने फुटण्यापेक्षा कलली आणि जमिनीत रुतली, असं त्यांना दिसलं. पट्ट्याबाहेर, गंगेच्या दक्षिण काठावरच्या मुंगेर शहरात मात्र इमारती हादऱ्याने कोसळल्या होत्या.

आता इथे थांबा आणि विचार करा. तुम्ही १९३४ मधले भूवैज्ञानिक आहात. सगळ्यात भयानक दृश्यं या पट्ट्यात दिसताहेत. भूकंपाचं केंद्र तुम्ही कुठे दाखवाल? त्यांनीही तसंच केलं, केंद्र या पट्ट्याशी जोडलं. पुढे जुन्या यांत्रिक नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा केंद्र सरकलं पूर्व नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या दक्षिणेला. २०१३ मध्ये सापकोटा आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये हिमालयाच्या पायथ्याशी या भूकंपाने जमीन फाटल्याचे पुरावे दाखवले. म्हणजे खचपट्टा हा भूकंपाचा उगम नव्हता. उगम उत्तरेला होता, आणि मैदानातल्या सैल, पाणथळ मातीने आपली गोष्ट वेगळी सांगितली होती.

म्हणून त्या अधिकाऱ्यांना चुकीचं ठरवायचं का? मला तसं वाटत नाही. अर्थ लावताना ते चुकले, पण नोंदी इतक्या प्रामाणिक होत्या की आज माझ्यासारखी विद्यार्थिनी त्याच नकाशावर बोट ठेवून सर्वेक्षणाची जागा निवडते. निरीक्षण आणि अर्थ हे वेगवेगळ्या वह्यांत लिहावेत, असं आमचे सर म्हणतात, ते यासाठीच.

१९६४ : एकाच वर्षात दोन धक्के

'द्रवीकरण' हा शब्द या वाळूच्या फवाऱ्यांना सुरुवातीला लावला जात नव्हता. १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलावेरास धरणाचा भराव बांधकाम चालू असतानाच घसरला. त्यावर १९२० मध्ये लिहिताना ॲलन हेझन यांनी, माती द्रवासारखी कशी होते याचा विचार मांडला. कॅसाग्रांदे यांनी १९३६ मध्ये सैल आणि दाट वाळूच्या वागण्यातला फरक स्पष्ट केला. पण हा विषय अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या अर्थाने आला १९६४ मध्ये.

२७ मार्च १९६४ ला अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अँकरेजमध्ये वस्तीसकट जमीन घसरली. १६ जूनला जपानच्या निगाता शहरात ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या कावागिशी-चो वस्तीतल्या चारमजली इमारती हळूहळू कलत गेल्या, एक तर जवळपास आडवी झाली. इमारतींचं बांधकाम मात्र फारसं फुटलं नव्हतं. लोक खिडक्यांतून बाहेर आले आणि कललेल्या भिंतीवरून चालत खाली उतरले. ही वस्ती शिनानो नदीच्या जुन्या पात्रावर वसलेली होती. याच नदीवरचा, महिनाभरापूर्वीच पूर्ण झालेला शोवा पूलही कोसळला.

निगातात जपानी संशोधकांनी एक साधी पण मोलाची गोष्ट केली. जिथे द्रवीकरण झालं आणि जिथे झालं नाही, अशा दोन्ही ठिकाणच्या बोअरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा सुमारे ७५ सेंटीमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं, ही प्रमाणित भेदन चाचणी, म्हणजे एसपीटी. कमी ठोके म्हणजे सैल माती. जिथे ठोके कमी, तिथे द्रवीकरण जास्त, असा स्पष्ट कल दिसला.

याच पायावर एच. बोल्टन सीड आणि इज्जत इद्रीस यांनी १९७१ मध्ये आपली 'सोपी पद्धत' मांडली. एका बाजूला भूकंपाची मागणी, म्हणजे तो मातीवर किती ताण आणेल; दुसऱ्या बाजूला मातीची ताकद, जी ठोक्यांवरून ठरवायची. मागणी ताकदीपेक्षा जास्त झाली की धोका. आज जगभर वापरले जाणारे बहुतेक नियम याच मांडणीची सुधारित रूपं आहेत. आपल्याकडे आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतही ही पद्धत परिशिष्टात दिली आहे.

हातोड्याकडून तरंगांकडे

मग अडचण काय होती? बोअर एका बिंदूची माहिती देतो. नदीच्या मैदानात तर दहा मीटरवर थर बदलतो. आज जिथे चिकणमाती दिसते, तिच्या शेजारीच पुरलेलं जुनं पात्र असू शकतं. शिवाय गोट्यांच्या थरात एसपीटीची नळी अडकते आणि ठोके खोटे वाढतात. आणि प्रत्येक बोअरला पैसा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

इथे एस-तरंग, म्हणजे कर्तन-तरंग, उपयोगी पडतो. पाण्याला आकाराची ताकद नसते, म्हणून एस-तरंग पाण्यातून जातच नाही. तो जातो फक्त दाण्यांच्या सांगाड्यातून. सांगाडा जितका दाट आणि दाबलेला, तितका त्याचा वेग जास्त. द्रवीकरणाला विरोध करण्याची ताकदही मुख्यतः याच गोष्टींवर अवलंबून असते. पी-तरंग मात्र पाण्यातून मजेत जातो, त्यामुळे तो पाण्याची पातळी सांगतो. दोन तरंग, दोन वेगळे साक्षीदार.

१९८० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात केनेथ स्टोको आणि सोलेमान नाझारियान यांनी पृष्ठतरंग दोन ग्राहकांनी मोजून त्यातून एस-तरंगाचा वेग काढायची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेमधल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी अनेक ग्राहक एका रांगेत लावायची 'मासव' पद्धत मांडली, जी आज जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. २००० मध्ये अँड्रस आणि स्टोको यांनी एस-तरंगाचा वेग आणि द्रवीकरणाची ताकद यांचं नातं आलेखात बसवलं. त्यांचा एक आकडा तोंडपाठ असू द्या. खोलीचा परिणाम काढून टाकल्यावर जो सुधारित वेग उरतो, तो स्वच्छ वाळूत सेकंदाला सुमारे २१५ मीटरच्या वर असेल, तर द्रवीकरणाची शक्यता फारशी धरत नाहीत. बारीक माती जास्त असेल तर ही मर्यादा २०० पर्यंत खाली येते.

तिसरा साक्षीदार विजेचा. कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये जमिनीत वीज सोडून नकाशे काढायला सुरुवात केली, अमेरिकेत वेन्नर यांनी १९१५ मध्ये चार इलेक्ट्रोडची मांडणी सांगितली. आपल्या गावाकडे बोअर घेण्याआधी पाणाड्याऐवजी 'मशीनवाले' येतात ना, ते हेच. गोड्या पाण्याची वाळू विजेला जास्त रोध करते, चिकणमाती कमी. म्हणून वाळू कुठवर पसरली आहे ते कळतं. पण पाणी खारं असेल तर वाळूही चिकणमातीसारखी दिसते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छच्या रणात आणि कांडला बंदर परिसरात मोठं द्रवीकरण झालं, बंदरातला मनोराही कलला. अशा खाऱ्या जमिनीत फक्त विजेच्या पद्धतीवर विसंबणं धोक्याचं. आपल्या कोकणातल्या खाड्यांनाही हे लागू आहे.

माझी चूक

आता कबुली देते. दुसऱ्या वर्षी आम्ही उत्तर बिहारमध्ये खचपट्ट्यातल्या एका गावाबाहेर मासवची रेषा घेतली. २४ जिओफोन, दोन-दोन मीटरवर, शेवटी लोखंडी पत्र्यावर घणाचे घाव. पाणी दोन मीटरवर होतं. नोंदी सुंदर आल्या. संगणकाने काढलेल्या आलेखात आठ-नऊ मीटर खोलीवर एस-तरंगाचा वेग होता सेकंदाला साधारण २२०. त्या खोलीवर परिणामी दाब जवळपास १०० किलोपास्कल येतो, त्यामुळे खोलीची दुरुस्ती नगण्य. २२० म्हणजे २१५ च्या वर. मी निष्कर्ष लिहिला: या खोलीवर द्रवीकरणाचा धोका नाही. परिषदेसाठी सारांशही पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी तिथेच बोअर झाला. नवव्या मीटरजवळ ठोके एकदम सातवर आले. नमुन्याच्या नळीतून करडी, अभ्रकाने चमकणारी बारीक वाळू बाहेर आली. बोअरवरच्या मिस्त्रींनी ती तळहातावर घेऊन हलवली, वर पाणी सुटलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, ये तो बालू है." थर होता जेमतेम दीड मीटरचा, वर-खाली घट्ट चिकणमाती.

झालं काय होतं? पृष्ठतरंग जितका खोल जातो, तितकी त्याची नजर धूसर होत जाते. नऊ मीटरवर दीड मीटरचा थर त्याला वेगळा दिसतच नाही. वर-खालच्या २४० च्या चिकणमातीत १६० ची वाळू मिसळली आणि सरासरी आली २२०. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. मी त्याला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर देणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं, आणि मी ते तपासलं नव्हतं. अपवर्तनाची पद्धत वापरली असती तरी हाच घोटाळा झाला असता, कारण जास्त वेगाच्या थराखाली लपलेला कमी वेगाचा थर तिला दिसत नाही.

सरांनी रागावून काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "उद्या या आलेखावर कुणी शाळा बांधली असती तर?" त्या रात्री मी सारांश मागे घेतला. १९३४ चे अधिकारी दिसलेल्या नुकसानीवरून केंद्र ठरवून मोकळे झाले होते, मी दिसलेल्या आकड्यावरून सुरक्षितता. फरक एवढाच की त्यांनी नोंदी पूर्ण केल्या होत्या, मी बोअरची वाटही पाहिली नव्हती.

नंतर आम्ही उलट्या क्रमाने काम केलं. बोअरमधून थराची खोली आणि जाडी घेतली, ती गणितात आधीच ठरवून दिली आणि मग मासवला फक्त वेग विचारला. त्या थराचा वेग खरोखर १६० च्या आसपास आला. विजेच्या रेषा घेऊन ही वाळू शेतात कुठवर पसरली आहे त्याचा अंदाज घेतला. प्रबंधातलं ते प्रकरण आज मला सगळ्यात जास्त विश्वासाचं वाटतं.

गोष्ट अजून संपलेली नाही

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ तीव्रतेचा, आणि २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ तीव्रतेचा पण शहराला अगदी जवळचा भूकंप झाला. दुसऱ्यात १८५ माणसं गेली. त्याच वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा द्रवीकरण झालं आणि सुमारे ८,००० घरांची जमीन सरकारने राहण्यास अयोग्य ठरवली. त्यानंतर तिथे हजारो ठिकाणी शंकू-भेदन चाचण्या झाल्या. त्यातून एक नवीन कोडं समोर आलं. गाळ आणि वाळूचे पातळ थर एकमेकांत मिसळलेल्या जागी सोप्या पद्धती द्रवीकरण होईल म्हणत होत्या, प्रत्यक्षात जमिनीवर काहीच दिसलं नव्हतं. माती पाण्याने पूर्ण भरलेली नसणं हे त्यामागचं एक कारण तपासलं गेलं, आणि तिथे उपयोगी पडला जुना पी-तरंग. पातळीखाली असूनही वेग १,५०० पेक्षा बराच कमी आला, तर पोकळीत हवा उरली आहे असं समजायचं.

आणखी एक मूलभूत प्रश्न उरतोच. सर्वेक्षणात आपण मातीला अगदी हलका धक्का देतो, भूकंप तिला प्रचंड हलवतो. डोब्री आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की वाळूत पाण्याचा दाब वाढायला कर्तनविकृती साधारण ०.०१ टक्क्याच्या वर जावी लागते. आपले घणाचे घाव त्याच्या कितीतरी खाली असतात. दाण्यांमध्ये किंचित सिमेंटेशन असेल तर वेग जास्त येतो, पण मोठ्या हादऱ्यात ते तुटूही शकतं. म्हणजे बोलायला शांत असणारा माणूस भांडणात कसा वागेल, असा अंदाज आपण बांधत असतो. अंदाज उपयोगी असतो, पण तो अंदाजच.

तुम्ही या विषयात येणार असाल तर

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली, जागेचा इतिहास आधी वाचा. जुने नकाशे, नदीची सोडलेली पात्रं, जिऑलॉजिकल सर्व्हेचे जुने अहवाल, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. निगातात आणि क्राइस्टचर्चमध्ये धोका कुठे होता ते नदीच्या इतिहासात लिहिलेलं होतं.

दुसरी, उपकरण नेण्याआधी स्वतःला विचारा: मला जो थर शोधायचा आहे तो या पद्धतीला दिसू शकतो का? थराची खोली आणि जाडी गृहीत धरून कृत्रिम नोंदी तयार करा आणि त्यातून तो थर परत मिळतो का ते पाहा. हे काम एका दुपारचं आहे. मी ते केलं असतं तर सारांश मागे घ्यावा लागला नसता.

तिसरी, एका पद्धतीवर लग्न लावू नका. एस-तरंग सांगाड्याबद्दल, पी-तरंग पाण्याबद्दल, वीज मातीच्या प्रकाराबद्दल, आणि बोअर त्या एका बिंदूवरच्या सत्याबद्दल सांगतो.

चौथी, मुलाखतीत "भूभौतिकीय पद्धतीने बोअरची गरज संपते का?" असं विचारलं तर "हो" म्हणू नका. बोअर कुठे घ्यायचा आणि दोन बोअरच्या मधे काय असावं, हे ती सांगते, असं उत्तर द्या. आणि का, तेही सांगा. तुमचं ऐकणाऱ्यांना तुम्ही शेतात घण मारला आहे की फक्त नोट्स वाचल्या आहेत, ते तिथेच कळतं.

यंदा दिवाळीला गेले तेव्हा आजीला मिस्त्रींच्या तळहातावरच्या वाळूची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे काही ठिकाणी भिंत चांगली बांधूनही भागत नाही." मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "आणि ते तुम्हाला आधी कळतं?" मी म्हटलं, "थोडं थोडं कळायला लागलंय, आजी."

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मला एवढंच वाक्य नीट सिद्ध करायचं आहे.